बाटलीतली गोगलगाय आणि चिवट वकील

सीलबंद पुड्यात भलतंच काही निघालं, तर जबाबदार कोण? दुकानदार म्हणतो, ‘मी थोडंच बनवलं?’ आणि बनवणारा तर लांब शहरात. या प्रश्नाचं उत्तर स्कॉटलंडमधल्या एका गरीब बाईनं आणि तिच्या वकिलानं मिळवलं. आज त्यांची गोष्ट आम्ही सांगणार आहोत.

२६ ऑगस्ट १९२८. पेझ्ली गावातल्या कॅफेत मे डोनह्यू बसल्या होत्या. दुकानात काम करणारी ही बाई. ओळखीच्या माणसानं त्यांच्यासाठी जिंजर बिअर मागवली. ही दारू नव्हे, आल्याचं गोड पेय. बाटली गडद काचेची, आतलं काही दिसेना. थोडी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली, तर कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असं त्यांचं म्हणणं. बाई आजारी पडल्या.

दाद मागायची कुणाकडे? पैसे त्यांनी दिलेच नव्हते. व्यवहार ज्याच्याशी, दावा त्याच्यावर, अशी तेव्हाची रीत.

ग्लासगोचे वकील वॉल्टर लीचमन अशीच प्रकरणं लढून बसले होते. तेव्हा बाटलीत उंदीर निघाला होता आणि मार्च १९२९ मध्ये कोर्टानं त्यांच्या अशिलांना हात हलवत परत पाठवलं होतं. दुसरा कुणी असता तर फाईल बांधून ठेवली असती. यांनी तीन आठवडेही जाऊ दिले नाहीत. ९ एप्रिलला डोनह्यूबाईंचा दावा दाखल केला, तोही पेय बनवणाऱ्या स्टिव्हन्सन यांच्यावरच. मागणी ५०० पौंडांची.

एका कोर्टात जिंकले, वरच्यात हरले. शेवटचं दार लंडनचं, हाउस ऑफ लॉर्ड्स. तिथल्या खर्चाला बाईंकडे काय असणार? त्यांनी आपण निर्धन असल्याचं लिहून दिलं, म्हणून अपील पुढे चाललं. २६ मे १९३२ रोजी पाचपैकी तीन न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूनं कौल दिला. लॉर्ड अॅटकिन यांनी विचारलं, कायद्याच्या नजरेत माझा शेजारी कोण? माझ्या हलगर्जीपणाची झळ ज्याला थेट बसेल, तो. मग बाटली कुणी का विकत घेईना! गंमत म्हणजे गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात कधी तपासलंच गेलं नाही; प्रकरण तडजोडीत मिटलं.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ असं वेगळं प्रकरणच आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणारीही त्यात ग्राहक ठरते. सासूबाईंनी आणलेला कुकर सुनेच्या हातात फुटला, तर सूनही दाद मागू शकते. तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. बिल, वेष्टन आणि उरलेली वस्तू मात्र टाकू नका. आधी विचारायचं असेल तर १९१५ या नंबरवर फोन करा.

आणि हो, आपले गट पापड, लोणची, मसाले विकतात. तिथे आपण डोनह्यूबाई नाही, स्टिव्हन्सन आहोत. पुढच्या बैठकीत आपली एक बरणी समोर ठेवा आणि बघा, तिच्यावर तयार केल्याची तारीख आणि बॅच नंबर आहे का.