टस्कीगीची चौथी भट्टी

इ. स. १८७३ मध्यें जोतीराव फुले यांचें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं तेथील कृष्णवर्णीयांना दास्यांतून सोडविण्यासाठीं झीज सोसली, त्यांना तें अर्पण केलेलें होतें. दास्य कायद्यानें संपलें; पण सुटलेल्या माणसानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय करावें, हा प्रश्न कायद्याच्या कलमानें सुटण्याजोगा नव्हता. जवळ जमीन नाहीं, अक्षराची ओळख नाहीं आणि पिढ्यानुपिढ्या जुलमानें राबल्यामुळें श्रमाविषयीं मनांत तिटकारा! या प्रश्नाला अलाबामा संस्थानांतील टस्कीगी या गांवच्या एका शाळेनें जें उत्तर दिलें, तें शिक्षणाच्या इतिहासांत लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

शाळेसाठीं खटपट करणारा ल्यूइस अॅडम्स हा एकेकाळचा गुलाम. पत्र्याचें काम करणारा कुशल कारागीर. त्याच्या सोबतीला जॉर्ज कॅंबेल नांवाचा गोरा गृहस्थ होता व तो पूर्वीं गुलामांचा मालक होता. संस्थानच्या विधिमंडळानें शिक्षकांच्या पगारासाठीं सालीना २,००० डॉलर मंजूर केले. जागेसाठीं वा इमारतीसाठीं मात्र एक छदामहि नाहीं. मुख्याध्यापक म्हणून आला तो बुकर वॉशिंग्टन. १८५६ त व्हर्जिनियांत गुलामाच्या खोपटांत जन्मलेला हा तरुण मिठागरांत व कोळशाच्या खाणींत राबून वाढला होता. १८७२ सालीं हॅंप्टनच्या विद्यालयांत तो पोहोंचला, तेव्हां त्याच्या खिशांत अवघे ५० सेंट होते. मुख्य अध्यापिकेनें त्याला कांहीं प्रश्न न विचारतां एक खोली झाडावयास सांगितलें. त्यानें ती तीन वेळां झाडली व चार वेळां पुसली. बाईंनीं रुमाल फिरवून पाहिला. धुळीचा कण सांपडला नाहीं आणि प्रवेश मिळाला. हीच त्याची प्रवेशपरीक्षा!

४ जुलै १८८१ रोजीं शाळा उघडली. विद्यार्थी सुमारें तीस. त्यांतील बहुतेक स्वतःच कोठें ना कोठें शिक्षक असून कित्येक चाळिशीच्या घरांत आलेले होते. मोठमोठ्या नांवांच्या ग्रंथांचा त्यांना अभिमान होता. कुदळ हातांत धरण्याची मात्र लाज वाटे. लवकरच एक जुना मळा, सुमारें १०० एकरांचा, ५०० डॉलरांस विकत घेण्यांत आला. जंगल तोडावयाचें ठरलें तेव्हां कुरकूर सुरू झाली. वॉशिंग्टनानें उपदेश केला नाहीं. कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो रोज दुपारीं पुढें चालूं लागला, आणि त्याच्यामागून हळूहळू सारे आले.

खरी कसोटी पुढेंच होती. इमारतींना विटा हव्या होत्या आणि गांवांत एकहि वीटभट्टी नव्हती. तेव्हां विटा आपणच पाडाव्या असें ठरलें. गुडघाभर चिखलांत तासन् तास उभें राहण्याचें तें काम! कित्येकांना विटांचा वीट आला व ते शाळा सोडून गेले. पहिल्या भट्टींत सुमारें २५,००० विटा रचल्या. भट्टी नीट न बांधल्यामुळें ती फसली. दुसरीहि फसली. तिसरी पुरी होण्यास कांहीं तासांचा अवकाश असतां मध्यरात्रीं कोसळली. गांठीं पैसा उरला नाहीं; नाद सोडावा, असें शिक्षकहि म्हणूं लागले. तेव्हां वॉशिंग्टनानें माँटगमेरी शहरीं जाऊन आपलें घड्याळ १५ डॉलरांस गहाण टाकलें व चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ सोडविण्याची मुदत टळून गेली व तें कायमचें गेलें. त्याची खंत मात्र त्याला कधीं वाटली नाहीं.

त्या विटांनीं भिंतींहून अधिक कांहीं उभें केलें. आसपासचे गोरे शेजारी चांगल्या विटा मिळतात म्हणून खरेदीस येऊं लागले. ज्यांना ही शाळा डोळ्यांत सलत होती, त्यांनाहि तिच्याशीं देवघेव ठेवणें भाग पडलें.

शाळेचें दार दरिद्र्यालाहि उघडें राहावें म्हणून १८८४ पासून रात्रीचे वर्ग निघाले. विद्यार्थ्यानें दिवसा दहा तास कारखान्यांत वा शेतावर खपावें, संध्याकाळीं दोन तास शिकावें आणि सांठलेल्या मजुरीवर पुढें दिवसाच्या वर्गांत बसावें, अशी ती योजना होती. मुलींसाठीं शिवणकाम, धुलाई इत्यादि वर्ग होते. ज्यांना शाळेपर्यंत येतां येत नसे, त्या शेतकऱ्यांकडे १९०६ पासून शाळाच खेचरांच्या गाडींत बसून जाऊं लागली. १८९६ त येथें आलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची ती योजना. हेच कार्व्हर पुढें १९८१ त वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकानें मराठी घराघरांत पोहोंचले.

या मार्गावर टीकाहि झाली, आणि ती क्षुल्लक नव्हती. मतदानाचा हक्क हिरावला जात असतां नुसतें सुतारकाम शिकवून काय साधणार, असा सवाल डु बॉइस या विद्वानानें १९०३ सालीं आपल्या ग्रंथांत केला. हक्कांविषयीं वॉशिंग्टन जाहीरपणें फार मवाळ बोलत असे, हें खरें. मात्र मताधिकार हिरावणाऱ्या अलाबामाच्या नव्या घटनेविरुद्धच्या खटल्यांना तो गुप्तपणें पैसा पुरवीत होता, हें त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांवरून उघड झालें. हात आणि हक्क, दोन्ही हवेत. एकाच्या नांवानें दुसऱ्यास दूर सारल्यास मनुष्य अर्धाच मोकळा होतो.

आपल्याकडेहि या प्रयोगाची वार्ता लवकर आली होती. १९०३ सालींच गांधीजींनीं ‘इंडियन ओपिनियन’ मध्यें वॉशिंग्टनाच्या चरित्रावर गौरवानें लिहिलें, आणि १९३७ त वर्ध्याच्या परिषदेंत हस्तोद्योगांतून शिक्षणाचा विचार त्यांनीं देशापुढें मांडला. ज्या समाजांत लेखणी धरणारा हात व चिखल तुडविणारा पाय एकमेकांना परके झालेले असतात, तेथें या विचाराचें मोल विशेष.

वॉशिंग्टन १९१५ त वारला. शाळेचें आज विद्यापीठ झालें आहे, आणि विद्यार्थ्यांनीं स्वतः भाजलेल्या विटांच्या इमारती तेथें अजून उभ्या आहेत. तीन भट्ट्या फसल्या त्या दिवसांत जे चिखलांत टिकून राहिले, त्यांना धडा कोणी पाठ करावयास दिला नव्हता; तो त्यांच्या हातांत उतरला होता.