ग्रेट नॉट : ओहोटीच्या थव्यातील दुर्मीळ पाहुणा

हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी मोरजी येथे शापोरा नदीच्या मुखाशी चिखल्या आणि तुतारी पक्ष्यांचे थवे उतरतात. अशा थव्यात एखादा ‘ग्रेट नॉट’ मिसळलेला असला, तरी त्याच्या करड्या रंगामुळे तो सहज नजरेतून सुटतो. शास्त्रीय परिभाषेत कॅलिड्रिस टेन्युइरोस्ट्रिस या नावाने ओळखला जाणारा हा पक्षी ईशान्य सायबेरियातील पर्वतीय टुंड्रा प्रदेशात वीण करतो. त्याचा मुख्य हिवाळी मुक्काम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर व वायव्य किनाऱ्यावर असतो. भारताच्या किनाऱ्यावर मात्र तो अल्प संख्येने येतो.

ओळखीच्या खुणा : लांबी सुमारे २६ ते २८ सेंटीमीटर. चोच काळी, डोक्यापेक्षा किंचित लांब, बुडाशी जाड आणि टोकाकडे जराशी खाली झुकलेली. पाय आखूड, हिरवट करडे. हिवाळ्यात पाठ करडी, डोक्यावर व मानेवर बारीक रेघा, छातीवर गडद ठिपके आणि पोट पांढरे असते. विणीच्या काळात छाती काळ्या ठिपक्यांनी भरून जाते व खांद्यांवरील पिसांवर तांबूस छटा येते. उडताना शेपटीच्या वरचा पांढुरका पट्टा उठून दिसतो.

गफलत कुठे होते? बाकचोच तुतारी आकाराने लहान, तिची चोच अधिक बारीक व वाकडी आणि पाय लांब काळे असतात. ग्रे प्लोव्हर जवळपास तेवढाच मोठा. परंतु त्याची चोच आखूड, डोळे मोठे आणि उडताना पंखाखाली काखेत काळा डाग दिसतो. रेड नॉटची चोच तुलनेने आखूड असते. म्हणून बसलेल्या पक्ष्याबरोबरच उडतानाचे छायाचित्रही निर्णायक ठरते.

शिंपले अखंड गिळून ते पोटातील स्नायुमय पेषणीत भरडणे, ही याची खासियत. ऑस्ट्रेलियाहून उत्तरेकडे निघालेले थवे ५ हजारांहून अधिक किलोमीटर न थांबता उडून पीत समुद्राच्या चिखलपट्ट्यांवर विसावतात. दक्षिण कोरियातील सेमनगम येथे २००६ मध्ये सुमारे ३३ किलोमीटरचा बांध पूर्ण झाला आणि विसाव्याची मोठी जागा नष्ट झाली. २०१५ पासून ‘आययूसीएन’च्या यादीत ही प्रजाती संकटग्रस्त गणली जाते.

त्यामुळे प्रत्येक अचूक नोंद मोलाची ठरते. पायात रंगीत पट्टी आढळल्यास तिचा रंग, त्यावरील अक्षरे आणि पायावरील जागा टिपून घ्यावी. छायाचित्रासाठी थवा उठवू नये. पुढील प्रवासासाठी साठवलेली चरबी अशा धावपळीत खर्ची पडते.