पिस्तूल-नेमबाजी

पिस्तूल-नेमबाजी : पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर या आखूड नळीच्या शस्त्राने ठराविक अंतरावरील लक्ष्याचा वेध घेण्याची विद्या. रायफलीला खांद्याचा आधार मिळतो, पिस्तुलाला केवळ हाताचा. शिवाय नळीच्या टोकावरील माशी आणि मागील खाच यांतील अंतर फार थोडे असते. ते २० सेंमी. असून माशी खाचेच्या मध्यापासून १ मिमी. सरकली, तर २५ मी. अंतरावर गोळी १२५ मिमी. बाजूस जाते, हे अंतर ८० सेंमी. असलेल्या रायफलीत हीच चूक सु. ३१ मिमी. भरते. २५ मी. स्पर्धेच्या लक्ष्यातील १० गुणांचे वर्तुळ ५० मिमी. व्यासाचे असते. म्हणून नजर लक्ष्यावर न खिळविता माशीवर स्थिर करतात व चाप झटका न देता चढत्या दाबाने सरळ मागे ओढतात. रिकाम्या पिस्तुलावर केलेला चाप ओढण्याचा सराव यासाठी फार उपयोगी पडतो. गोळीचा धक्का नसल्याने माशी कोठे हलली ते स्पष्ट दिसते.

अहमदनगरची (२०२४ पासून अहिल्यानगर) ख्याती मात्र मोठ्या तोंडाच्या शस्त्रांसाठी आहे. विजापूरची मुलूख-मैदान तोफ १५४९ मध्ये येथेच ओतली गेली. ब्रिटिश अमदानीत येथे रणगाडा दलाची प्रशिक्षणशाळा होती व १९४८ पासून भारतीय चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय आहे. खारे कर्जुने परिसरातील के. के. रेंज ही रणगाड्यांच्या तोफांची चांदमारी होय.

रणगाड्यातील सैनिकाचे व्यक्तिगत शस्त्र आखूड असावे लागते आणि या गरजेने नेमबाजीस बाधही आणला. ब्रिटिश सैन्याने १९३२ मध्ये स्वीकारलेल्या एन्फील्ड रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने आधी चढवून हलक्या चापाने नेम साधता येई. हा घोडा रणगाड्याच्या अडचणीच्या जागेत अडकतो, या कारणास्तव १९३८ च्या सुधारित नमुन्यात त्याचे टोकच काढले गेले. परिणामी प्रत्येक गोळीला चापाची लांब ओढ अपरिहार्य झाली व दूरचा नेम ढळू लागला. हाताघाईच्या लढाईस हा बदल सोयीचा होता. चांदमारीवर तो गैरसोयीचाच ठरला.

क्रीडाप्रकार म्हणून पिस्तूल-नेमबाजी १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून आहे. स्त्रियांची २५ मी. स्पर्धा १९८४ मध्ये लॉस अँजेल्सला सुरू झाली. तीत ३० गोळ्या सावकाश व ३० जलद झाडावयाच्या असतात. जलद फेरीत हात खाली तिरपा ठेवून, लक्ष्य दिसताच ३ सेकंदांत तो उचलून गोळी झाडावी लागते. माशी खाचेत आपोआप येईल इतकी उभे राहण्याची ढब अंगवळणी पडलेली नसेल, तर एवढ्या वेळात ती जुळविणे अशक्यच.

महाराष्ट्रात या प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे नाव अग्रगण्य आहे. २०१३ मध्ये चांगवॉन (द. कोरिया) येथील विश्वचषक स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पुढे कोपराच्या दुखापतीने त्यांच्या खेळात खंड पडला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांची थायलंडच्या स्पर्धकाशी ३४ गुणांवर बरोबरी झाली. निर्णायक फेरीही एकदा बरोबरीत सुटली आणि दुसऱ्या निर्णायक फेरीत ३ विरुद्ध २ अशा फरकाने त्यांनी सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.