विडिया: बर्लिनच्या बल्बपासून कल्याणच्या लाटण्यापर्यंत

कसारा लोकलच्या गर्दीत ज्यांना हा भाग नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी तो लिहून देतोय.

सुरुवात एका छोट्या प्रयोगाने करू. कल्याण पश्चिमेला कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात दहा मिनिटं उभे राहा. कुणीतरी येणार आणि म्हणणार, "सहा एमएमचं विडिया बिट द्या." भिंतीला भोक पाडायचं असतं, दुकानदार बिट देतो, विषय संपतो. 'विडिया' म्हणजे काय, हे तो विचारत नाही आणि हाही सांगत नाही. मीही कित्येक वर्षं हा आपलाच, गॅरेजमधला कुठलातरी शब्द समजत होतो.

तो शब्द जर्मन आहे. 'वी डायमंट', म्हणजे हिऱ्यासारखं. त्यातली पहिली अक्षरं उचलून क्रुप या जर्मन कंपनीने नाव बनवलं आणि 1927 साली लायपझिगच्या जत्रेत हा माल जगासमोर मांडला. पण गोष्ट त्याच्या थोडी आधी सुरू होते, आणि ती सुरू होते बल्बमध्ये.

बल्बमधली तार टंगस्टनची. ती केसासारखी बारीक करायची तर एका छोट्या भोकातून ओढावी लागते, मग त्याहून छोट्या, मग आणखी छोट्या. एवढ्या कठीण धातूपुढे टिकणारी भोकं हिऱ्यातच पाडावी लागायची. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला हिरे परवडेनात. तेव्हा ओसराम या बल्ब कंपनीतल्या कार्ल श्र्योटर यांनी वेगळी युक्ती केली. टंगस्टन आणि कार्बनच्या संयुगाची, म्हणजे टंगस्टन कार्बाइडची, बारीक पूड घेतली. त्यात थोडं कोबाल्ट मिसळलं, साच्यात दाबलं आणि भट्टीत तापवलं. कोबाल्ट वितळून कणांच्या मधे शिरलं आणि गार झाल्यावर त्याने सगळे कण घट्ट धरून ठेवले. चिक्कीत गूळ दाणे धरतो ना, अगदी तसं. 1923 साली त्याचं पेटंट झालं.

हे पटकन पसरलं धातूच्या कारखान्यांत, आणि त्याचं कारण उष्णता. लेथवर लोखंड कापताना हत्याराचं टोक भयंकर तापतं. साध्या पोलादाची धार दोनशे-अडीचशे अंशांनंतर मऊ पडायला लागते. 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात 'हायस्पीड स्टील' लोकांनी पाहिलं, ते साधारण सहाशे अंशांपर्यंत तग धरायचं. कार्बाइड त्याच्याही बरंच पुढे गेलं. आपल्याकडे 1960 मध्ये पुण्यात दापोडीला स्वीडनच्या सँडविकची कंपनी उभी राहिली आणि कार्बाइडची टोकं इथे बनू लागली. आज डोंबिवली एमआयडीसीतल्या कुठल्याही मशीनशॉपमध्ये जा, 'टीप बदल' हे शब्द कानावर पडतातच.

मग लाकूड कातणाऱ्यांकडे यायला त्याला इतका उशीर का झाला? उत्तर सोपं आहे. लाकूड लोखंडासारखं हत्याराला जाळत नाही. लाकडाला हवी असते धार, अगदी वस्तऱ्यासारखी. आणि जुन्या कार्बाइडचे कण जाड असायचे, त्यामुळे त्याला तेवढी बारीक धार चढतच नव्हती. कण फार बारीक करण्याचं तंत्र आलं, तेव्हा कुठे ते जमलं. स्क्रूने बसवायची छोटी टीप लावलेली हत्यारं लाकूड कातणाऱ्या हौशी लोकांच्या हातात खऱ्या अर्थाने आली ती 2000 नंतर.

आता आपल्याकडच्या जुन्या माणसाकडे वळू. लाकूड कातणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. लाटणं, भोवरा, पाळण्याचे दांडे, पलंगाचे खूर, देव्हाऱ्याचे खांब, हे सगळं त्याचं काम. त्याचा जुना चरक बघितलात तर तुम्हाला हसू येईल. जमिनीलगत दोन खुंट्या, त्यांना लोखंडी टोकं, आणि मधे लाकडाचा तुकडा. तुकड्याला दोरी गुंडाळलेली असते आणि ती धनुकलीने किंवा हाताने मागेपुढे ओढायची. म्हणजे लाकूड एकदा पुढे फिरतं, एकदा मागे. हत्यार लावायचं ते फक्त पुढच्या फेरीला! हे करताना कातारी खाली बसून पायाच्या बोटांनीसुद्धा हत्याराला आधार देतो. हसू इथेच थांबतं.

आपल्या राज्यात या कामाचं सगळ्यात प्रसिद्ध गाव म्हणजे सावंतवाडी. चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी तुम्ही पाहिली असतील. पूर्वी त्यासाठी हलकं पांगाऱ्याचं लाकूड वापरायचे. लाखेच्या कामात तर रंगही फिरत्या लाकडावरच चढतो. लाखेची रंगीत कांडी टेकवायची, घर्षणाने ती वितळते आणि लाकडावर बसते.

पण या सगळ्याच्या आधी येते धार. कातारी दर थोड्या वेळाने थांबतो आणि पटाशी दगडावर घासतो. हत्यार घडवून द्यायला लोहार लागतो. आपल्या कल्याणला हा धंदा किती जुना? कान्हेरीच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणकरांची नावं आहेत, त्यात सोनार आहेत आणि एक लोहारही आहे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा!

धार लावणं पुस्तकातून येत नाही. कोन जरा चुकला की पटाशी लाकडात घुसते आणि तुकडा उडतो. म्हणून शिकणारा पोरगा आधी दोरी ओढणार, मग दगडावर बसणार आणि मग कधीतरी लाकडाला हात लावणार. घरात कुणी कातारी नसेल, तर हे तुम्हाला शिकवणार कोण? माझ्या मते धार हेच या कलेचं कुलूप होतं, आणि किल्ली काही घरांतच राहिली.

मी हे स्वतः भोगलंय. गॅलरीत छोटा लेथ बसवला आणि चार महिने लाकूड कमी, पटाशाच जास्त घासल्या. ग्राइंडरवर एकीचं टोक निळं पडलं, म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. मग कार्बाइडचं हत्यार घेतलं. चौकोनी दांडा, पुढे स्क्रूने बसवलेली टीप. चौकोनी टीप ओबडधोबड लाकूड गोल करायला, गोल टीप खोलगट भागाला, शंकरपाळीसारखी टीप बारीक खाचांना. पटाशी कलती धरावी लागते, हे मात्र जमिनीला समांतर, सपाट, लाकडाच्या मध्यरेषेवर धरायचं आणि हळूच पुढे सरकवायचं. एक कड बोथट झाली की स्क्रू सैल करून टीप फिरवायची. चौकोनाला चार कडा, म्हणजे चार नव्या धारा.

पहिल्याच संध्याकाळी बाभळीचं लाटणं तयार! मी खूश. आईने दुसऱ्या दिवशी त्यावर पोळ्या लाटल्या आणि म्हणाली, "छान आहे रे, पण कणीक चिकटते."

बोट फिरवून पाहिलं. लाकडाचे तंतू उभे राहिले होते. नीट लावलेली पटाशी तंतू कापते. कार्बाइडची सपाट टीप बहुतेक वेळा ते खरवडते. मग पुन्हा जुनी पटाशी काढली, दगडावर घासली आणि शेवटचा हात तिने फिरवला. कणीक चिकटायची थांबली.

म्हणजे विडियाने मला दारातून आत घेतलं, पण घर दाखवलं पटाशीनेच. कार्बाइडने धार नाहीशी केली नाही. ती आपल्या हातातून काढून कारखान्यात नेली. याचा फायदा खरा आहे. ज्याच्या घरी ही कला नव्हती, त्या पोराला किंवा पोरीला आज पहिल्या दिवशी काहीतरी करून बघता येतं. पण त्यामुळे कातारी मागासलेला ठरत नाही. ज्याला धार कळते त्याचं काम टीप संपली म्हणून थांबत नाही.

आणि टीप संपू शकते बरं का! जगातलं बहुतांश टंगस्टन चीनमधून येतं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रणं घातली. आपल्या नागपूर जिल्ह्यात कुहीच्या पट्ट्यात टंगस्टन आहे, तरी देशाची गरज बाहेरूनच भागते. तेव्हा झिजलेली टीप कचऱ्यात टाकू नका. तिच्यावर प्रक्रिया करून ती पुन्हा वापरता येते.

करून बघणार असाल तर चार गोष्टी. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल आणि नाकावर मास्क हवाच, कारण खरवडल्यावर भुसा फार बारीक उडतो. ओढणी, सैल बाह्या, कडं, मोकळे केस, काही नको. बटण दाबण्याआधी लाकूड हाताने एकदा पूर्ण फिरवून बघा, कुठे अडकत नाही ना. आणि तुकडा जितका मोठा, तितका वेग कमी.

बाकी, पुढच्या वेळी दुकानात कुणी "विडिया द्या" म्हणालं, तर त्याला ही गोष्ट सांगा. आणि सावंतवाडीला गेलात तर खेळणं घेण्याआधी दोन मिनिटं कातणाऱ्याच्या हाताकडे बघा. तो थांबून पटाशी घासेल, तेव्हा घाई करू नका.

भेटू पुढच्या भागात!