पांजरपोळ ते अतिदक्षता : मुक्या प्राण्यांच्या चिकित्सेची वाटचाल

मुक्या प्राण्यांविषयीची दया आपल्या देशास नवी नाही. नवी आहे ती वेळेवर धावून जाण्याची विद्या. या दोहोंमधील अंतर कसकसे कमी होत आले याचा मागोवा घ्यावा, असा आमचा या लेखातील हेतू आहे. आणि त्यासाठी आमची दृष्टी आदिलाबाद जिल्ह्याकडे आहे. कोंकण-गोमंतकातील वाचकांस हा मुलूख दूरचा वाटेल. पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेला, एके काळी निजामाच्या राज्यात असलेला हा जिल्हा 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आंध्र प्रदेशात गेला, त्याचा राजुरा तालुका मुंबई राज्यास मिळाला, आणि 2014 पासून आदिलाबाद तेलंगणात आहे. तथापि सीमेवरच्या गावांतून मराठी अद्याप घरात बोलली जाते, गोंडी आणि तेलुगू तिच्या शेजारी नांदतात, आणि श्रावणी अमावास्येस येथेही पोळ्याच्या दिवशी बैलांची पूजा होते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माहूरचे दत्तशिखर आहे. त्या दत्ताच्या पायाशी चार श्वान उभे असतात हे कोणास सांगावयास नको. बैल आणि कुत्रा, दोघेही येथे घरचेच. मग घरच्या माणसाप्रमाणे त्यांनाही मध्यरात्री वैद्य मिळतो काय, हा प्रश्न ओघानेच येतो.

प्राचीनांनी पशुवैद्यक उपेक्षिले नव्हते. अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांबरोबर पशूंच्या चिकित्सेचीही व्यवस्था केल्याचे कोरून ठेविले आहे. शालिहोत्राचे नाव अश्ववैद्यकाशी आणि पालकाप्याचे गजवैद्यकाशी जोडले गेले. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमाने 1894 साली छापून काढिला. परंतु अश्व आणि गज ही राजाची संपत्ती. दारातल्या कुत्र्यासाठी कोणी संहिता रचिली नाही.

या कुत्र्याचे नाव मुंबईच्या इतिहासात गाजले ते 1832 साली. भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारणारास प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळे. त्या लोभाने पारशांच्या पवित्र दिवशीही हत्या होऊ लागली, तेव्हा जून महिन्यात पारशी समाज खवळून उठला, दुकाने बंद पडली आणि दंगा झाला. पुढे 1834 मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. ही संस्था थोर खरी. पण तिचा धर्म आश्रय देण्याचा होता. म्हाताऱ्या, लंगड्या, बेवारशी जनावरास तेथे मरेपर्यंत चारा मिळे. मरण टाळणे हे तिचे काम नव्हते.

ते काम पुढील पन्नास वर्षांत परळ येथे सुरू झाले. प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी मंडळी मुंबईत 1874 साली स्थापन झाली होती. सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावाने, बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय त्यानंतरच्या दशकात उभारले गेले. त्यालाच जोडून 1886 साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले व जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य झाले. पांजरपोळात जनावर ‘ठेवीत’, रुग्णालयात ते ‘बरे होऊन घरी जावे’ म्हणून आणू लागले. क्रियापदातला हा बदल आम्हास फार मोलाचा वाटतो.

सरकारचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. बुळकांडीने गावेच्या गावे बैलांवाचून ओस पडत आणि नांगर उभे राहात. तिचा बंदोबस्त करण्यासाठी पुण्यात 1889 साली प्रयोगशाळा निघाली, ती 1893 मध्ये हिमालयातील मुक्तेश्वरास नेण्यात आली. स्वतंत्र भारताने 1954 पासून बुळकांडी-निर्मूलनाची मोहीम हाती घेतली, 1995 नंतर तो रोग आपल्याकडे आढळला नाही, आणि 2011 साली जगातूनच तो नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. मानवाने समूळ उखडलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग. विजय मोठा होता. पण तो कळपाचा होता. एका रात्री एका घरी तडफडणारे एक जनावर या हिशेबात बसत नव्हते. म्हणूनच खेड्यांतून सरकारी पशुवैद्यकाच्या जागेस लोक ‘गुरांचा दवाखाना’ म्हणत आले; कुत्र्या-मांजराचे नाव त्या पाटीवर नव्हते.

येथे एका ऋणाचे स्मरण करून देणे आम्हास आवश्यक वाटते. माणसाच्या अतिदक्षता विभागात आज जे जे दिसते, त्यातले पुष्कळसे प्रथम कुत्र्यावर शिकले गेले. एका जिवाचे रक्त दुसऱ्याच्या शिरेत घालण्याचा प्रयोग इंग्लंडात रिचर्ड लोअर याने 1665-66 च्या सुमारास केला, तो दोन कुत्र्यांमध्ये. थरथरणारे हृदय विजेच्या धक्क्याने पुन्हा ताळ्यावर आणता येते हे जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली यांनी 1899 मध्ये कुत्र्यांवरच पाहिले. छाती न उघडता, वरून दाब देऊन थांबलेले हृदय चालते ठेवण्याची युक्ती अमेरिकेत बाल्टिमोर येथे कुत्र्यांवरील प्रयोगांत सापडली व 1960 साली प्रसिद्ध झाली. त्या युक्तीने असंख्य माणसे वाचली. परंतु कुत्र्याचे हृदय थांबले असता नेमके काय करावे, याचे पुराव्यावर आधारलेले नियम ‘रिकव्हर’ या नावाने तयार झाले ते 2012 साली! मिनिटास 100 ते 120 दाब द्यावेत, हा त्यांतला एक नियम. म्हणजे ऋणाची पहिली परतफेड होण्यास अर्धे शतक लागले.

आणीबाणीची ही चिकित्सा गूढ नाही. प्रथम श्वास, मग रक्ताभिसरण, आणि रोगाचे नाव त्यानंतर, असा तिचा क्रम आहे. 1978 मध्ये जगभर पसरलेल्या पार्व्हो रोगाचे उदाहरण घ्यावे. पिल्लास वांत्या आणि रक्तमिश्रित जुलाब होतात. त्या विषाणूस मारणारे सर्वमान्य औषध हाती नसतानाही, शिरेतून सलाईन वेळीच सुरू केले, ऊब दिली आणि रात्रंदिवस लक्ष ठेविले, तर बरीच पिल्ले वाचतात. घरीच ठेविली तर बहुतेक दगावतात. बैलाची पोटफुगी तर काही तासांतच प्राण घेते, आणि पोटातला वायू मोकळा करताच तोच बैल उठून उभा राहतो. सर्पदंशावर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालणारी लस जनावरासही उपयोगी पडते. पण दंशानंतर जितका उशीर तितका तिचा गुण कमी. या सर्व ठिकाणी औषध ठाऊक आहे. उणीव असते ती घटकांची.

आणि घटका म्हणजे अखेर अंतर. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय 1958 सालचे; आदिलाबादहून नागपूर सुमारे 200 किलोमीटर आणि हैदराबाद सुमारे 300. बेशुद्ध कुत्र्यास मांडीवर घेऊन हा रस्ता तोडणे म्हणजे दैवाशी पैज. यावर एक चांगला उपाय 2017 साली झाला. तेलंगण सरकारने मतदारसंघवार फिरते पशुदवाखाने सुरू केले. 1962 या क्रमांकावर दूरध्वनी केला की डॉक्टर आणि औषधे घेऊन गाडी निघते. पुढे केंद्र सरकारनेही एक लाख पशुधनामागे एक गाडी हे प्रमाण ठरवून ही योजना इतर राज्यांत नेली. रुग्णाने वैद्याकडे जावे ही शतकांची रीत उलटली आणि वैद्य गोठ्यापर्यंत आला, ही गोष्ट लहान नव्हे.

तरीही या गाड्यांची मूळ आखणी गुरांसाठी आहे, आणि गाडी कितीही लवकर आली तरी प्राणवायू, रक्त आणि रात्रभराची देखरेख यांस पक्की जागा लागते. ती जागा प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी असावी, आणि तिच्या पाटीवर गुरांबरोबर कुत्र्या-मांजरांचेही नाव असावे, असे आम्हास निक्षून सांगावेसे वाटते. तोवर जनावर पाळणाऱ्याने दोन गोष्टी कराव्यात. जवळच्या पशुवैद्याचा पत्ता आणि 1962 हा आकडा दाराशी लिहून ठेवावा. आणि सकाळपर्यंत वाट पाहू, हे वाक्य धाप लागलेल्या, पोट फुगलेल्या वा विषबाधा झालेल्या जनावरापुढे कधीही उच्चारू नये. पांजरपोळ बांधणाऱ्यांनी दया दिली, परळच्या रुग्णालयाने विद्या दिली. वेळ देणे आपल्याकडे राहिले आहे.