कुत्र्यांच्या शर्यतीचं मैदान आणि तिथली घरं

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा कमिटीचा निरोप आला तेव्हा बँकेतले अनुभव लिहावेत असं मनात होतं. पण पंचवीस वर्षांपूर्वी आपली सोसायटी इथल्या मोकळ्या माळावर उभी राहिली, ते दिवस आठवले आणि लंडनमधली एक जागा डोळ्यांपुढे आली. तिचाच इतिहास सांगतो.

मुलीकडे लंडनला गेलो होतो. एके दिवशी जावईबापू फिरायला घेऊन गेले ते वॉल्थमस्टो भागात, चिंगफर्ड रोडवर. समोर नव्या इमारती, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, लहान मुलांच्या सायकली. आणि दर्शनी भागात मात्र भलीमोठी जुनी पांढरी भिंत, तिच्यावर दिव्यांच्या नळ्यांनी रेखलेली अक्षरं आणि धावतं कुत्रं! मला काही उलगडा होईना. तेव्हा कळलं, इथे पंचाहत्तर वर्षं कुत्र्यांच्या शर्यती होत होत्या.

हा खेळ मूळ अमेरिकेतला. ओवेन स्मिथ नावाच्या माणसानं १९१९ साली कॅलिफोर्नियात रुळावरून पळणाऱ्या नकली सशामागे कुत्री सोडायची सोय केली. २४ जुलै १९२६ रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर अशी पहिली शर्यत झाली आणि बघता बघता गावोगावी मैदानं निघाली. घोड्यांची शर्यत भर दुपारी, शहराबाहेर. कामगाराला रजा कुठली? कुत्र्यांची शर्यत मात्र संध्याकाळी, घराजवळ, दिव्यांच्या उजेडात. गर्दी लोटली ती त्यामुळेच.

वॉल्थमस्टोचं मैदान विल्यम चँडलर यांनी १९३३ साली सुरू केलं. उद्घाटनाला एमी जॉन्सन ही त्या काळची नामांकित वैमानिक आली होती. १९४५ च्या निवडणुकीत चर्चिल यांची सभाही इथेच झाली. एका शर्यतीत सहा ग्रेहाउंड; प्रत्येकाच्या अंगावर नंबरप्रमाणे ठरलेल्या रंगाचं जाकीट. पिंजऱ्याची दारं उघडली की अर्ध्या मिनिटात खेळ खलास! पैजेचे आकडे दाखवणारा मोठा फलक होता, त्याला ‘टोट’ म्हणतात. सगळ्यांचे पैसे एकत्र करायचे, चालकांचा हिस्सा कापायचा आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटायची. बँकवाल्याला हा हिशेब लगेच समजला. चालकांचं कधी नुकसान नाही, हेही समजलं!

१९६१ पासून इंग्लंडमध्ये पैज लावायची दुकानं कायद्यानं सुरू झाली. पैज लावायला मैदानावर जायची गरज उरली नाही. गर्दी ओसरत गेली आणि शहरातल्या जमिनीचा भाव चढत गेला. पळण्याचं वय संपलेल्या कुत्र्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्नही लोक विचारू लागले. तो प्रश्न रास्तच होता. अखेर १६ ऑगस्ट २००८ रोजी वॉल्थमस्टोची शेवटची शर्यत झाली. जागा लंडन अँड क्वाड्रंट या गृहनिर्माण संस्थेनं घेतली. मैदान वाचवा म्हणून लोकांनी चळवळ केली, पण २०१२ साली घरांना मंजुरी मिळाली. दर्शनी भिंत आणि टोटचा फलक मात्र आधीच वारसा यादीत आल्यामुळे पाडता आला नाही.

तुम्ही म्हणाल, या सगळ्याशी लोहाऱ्याचा काय संबंध? सांगतो. आपल्या लातूर-धाराशिवकडे कारवान जातीची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. उंच, सडपातळ, कंबर आत गेलेली. ग्रेहाउंडची चुलत भावंडंच म्हणा ना. लहानपणी आम्ही पोरं माळावर त्यांच्यामागे धापा टाकत पळायचो. तिकडे ससा खोटा होता, आपल्याकडे खरा असायचा, एवढाच फरक. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ती शिकार बेकायदा ठरली. बरंच झालं.

घरांचं मोल मला कुणी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण सोसली आहे. सास्तूर, किल्लारीची दगडमातीची घरं क्षणात ढिगारे झालेली ज्यांनी पाहिली, ते ‘घरं नकोत, मैदान हवं’ असं कसं म्हणतील? म्हणून त्या भिंतीपुढे उभा असताना मला मैदान गेल्याचं फार दुःख झालं नाही. पण तिथल्या पोरांना आपल्या घराखाली काय होतं हे रोज शाळेला जाताना दिसतं, याचा हेवा मात्र वाटला.

आपल्या मुलांना काय दिसतं? गेट, पार्किंग, पाण्याची टाकी. हा माळ होता, इथे गुरं चरायची, कारवान पळायची, हे ठाऊक असलेले आम्ही आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलो. म्हणून कमिटीला एक विनंती. रौप्यमहोत्सवाच्या खर्चात गेटपाशी एक साधा फलक बसवा. या जागेवर आधी काय होतं ते त्यावर चार ओळींत लिहा. मजकूर मी देतो, रंगाऱ्याचे पैसेही माझे. पण पुढच्या सभेत ठराव घ्या, एवढंच. आमची आठवण शाबूत आहे तोवर हे काम उरकलेलं बरं.