फिनिक्सचे कालवे आणि इंडियन स्कूल रोड

आजचा भाग ॲरिझोनातल्या फिनिक्स शहराबद्दल आहे. आपले बरेच श्रोते तिकडे चँडलर, टेम्पी, स्कॉट्सडेलला राहतात, चिप कंपन्यांमध्ये नाहीतर आयटीत आहेत. भारतातून आई-बाबा आले की प्लॅन ठरलेला असतो : विमानतळावरून घरी, मग ग्रँड कॅन्यन, सेडोना, फार तर लास व्हेगास. फिनिक्स शहरात काय बघायचं? "काही नाही रे, नुसतं वाळवंट." आज आपण हे वाक्य जरा तपासून बघू.

फिनिक्समध्ये दोन गोष्टी रोज दिसतात. एक म्हणजे शहरभर वाहणारे कालवे. दुसरी म्हणजे 'इंडियन स्कूल रोड' ही पाटी. नवा माणूस तिच्यावर हमखास विनोद करतो, की आपल्या पोरांची शाळा इथेच असणार. या दोन्ही गोष्टींचा अर्थ शहरातली संग्रहालयं सांगतात.

आधी कालवे. विमानतळाला अगदी लागून 'सअदव वाआकी' नावाचं संग्रहालय आहे. २०२३ पर्यंत त्याचं नाव होतं 'प्वेब्लो ग्रांदे', म्हणजे स्पॅनिशमध्ये 'मोठं गाव'. आता इथल्या मूळनिवासी ओओदम लोकांच्या भाषेतलं नाव दिलंय. आवारात फुटबॉलच्या मैदानाएवढा मातीदगडांचा चौथरा आहे, आणि जवळच प्राचीन कालव्यांचे अवशेष. डोक्यावरून विमानं जातात, शेजारून आजचा कालवा वाहतो.

साधारण इ. स. ४५० ते १४५० या काळात इथे राहणाऱ्या लोकांना पुरातत्त्वशास्त्रात 'होहोकाम' म्हणतात. त्यांनी सॉल्ट नदीचं पाणी शेकडो मैलांच्या कालव्यांतून शेतात नेलं. लोखंड नाही, बैल नाही, चाक नाही. लाकडी काठ्या, दगडी कुदळी आणि माती वाहायला टोपल्या, बस्स. आता इंजिनिअरच्या नजरेनं बघा. कालव्याला उतार जास्त दिला तर पाणी काठ खरवडतं, कमी दिला तर गाळ साचतो. या लोकांनी मैलाला जेमतेम काही फूट उतार ठेवला. पुढे पाणी वाटलं जाऊन कमी होत जातं, तसा कालवा अरुंद केला, म्हणजे वेग टिकतो. आपल्याकडे धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत बंधारा, पाट आणि पाटकरी असतात. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना एक गोष्ट लगेच पटेल : असं काम एकट्यादुकट्याचं नाही. पाणी कुणाला, किती, कधी, हे ठरवणारी माणसं आणि ते ऐकणारी गावं लागतात.

पंधराव्या शतकाच्या सुमारास ही मोठी वस्ती मोडली. पूर, दुष्काळ, जमिनीत साचलेलं मीठ, आपसातले झगडे, अशी अनेक कारणं अभ्यासक मांडतात. जुन्या पुस्तकांत मात्र एकच शब्द असायचा : 'नाहीसे झाले'. ओओदम लोकांना हा शब्द मान्य नाही. ते म्हणतात, हुहुगम म्हणजे आमचे पूर्वज, आणि आम्ही इथेच आहोत. संग्रहालयाचं नाव बदलणं या वादाशी जोडलेलं आहे, नुसती पाटी रंगवणं नाही ते.

१८६७ मध्ये जॅक स्विलिंग नावाच्या माणसानं कंपनी काढून इथे कालवे खणायला घेतले, आणि त्यासाठी जुन्याच कालव्यांचा माग धरला. म्हणजे लेगसी सिस्टिम होती, तीच साफ करून पुन्हा चालू केली. डॅरेल डुप्पा यानं वस्तीला नाव सुचवलं फिनिक्स. जुन्या संस्कृतीच्या राखेतून उठलेला पक्षी! नाव छानच आहे. फक्त त्यात एक गृहीत आहे, की आधीचे लोक संपले.

ते संपले नव्हते. दक्षिणेला हीला नदीकाठी अकिमेल ओओदम, म्हणजे 'नदीचे लोक', शेती करत होते. त्यांचा गहू प्रवाशांना आणि सैन्याला विकला जायचा. मग नदीच्या वरच्या अंगाला नव्या वसाहतवाल्यांनी पाणी वळवलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खाली नदी कोरडी पडली. धान्य विकणाऱ्या लोकांची उपासमार झाली.

आता दुसरी गोष्ट, शाळा. सेंट्रल अव्हेन्यूवर 'हर्ड म्युझियम' आहे. ड्वाइट आणि मे हर्ड या श्रीमंत दांपत्यानं मूळनिवासी कलावस्तू जमवल्या आणि १९२९ मध्ये संग्रहालय उघडलं. त्याच रस्त्यानं साधारण दीड मैल उत्तरेला गेलं की इंडियन स्कूल रोड लागतो. तिथे १८९१ पासून सरकारी 'फिनिक्स इंडियन स्कूल' होतं. अशा शाळांत मूळनिवासी मुलांना घरापासून दूर आणून ठेवत. केस कापायचे, गणवेश घालायचा, लष्करी कवायत, आणि स्वतःच्या भाषेत बोलायला बंदी. १९२८ च्या मेरियम अहवालानं या शाळांवर कडक टीका केली. धोरण हळूहळू बदललं, पण ही शाळा बंद व्हायला १९९० उजाडलं.

तारखा शेजारी ठेवून बघा. १९२९ मध्ये हर्ड उघडलं. त्याच वर्षी प्वेब्लो ग्रांदेचंही संग्रहालय झालं. एका शहरात या लोकांची मडकी आणि टोपल्या काचेत जपणं सुरू झालं, आणि त्याच शहरात त्यांच्या मुलांची भाषा मोडण्यासाठी काढलेली शाळाही चालू होती. वस्तू हव्या होत्या, माणसं तशीच नको होती.

हर्डनं हे लपवलेलं नाही, म्हणून तिथे जावं. २००० मध्ये त्यांनी या निवासी शाळांवर प्रदर्शन उभं केलं. २०१९ मध्ये ते नव्यानं मांडलं, नाव 'अवे फ्रॉम होम'. पहिल्या मांडणीतली न्हाव्याची खुर्ची आणि खाली पडलेले केस खूप जणांच्या लक्षात राहिले. विद्यार्थ्यांचे स्वतःचे अनुभव हा प्रदर्शनाचा गाभा आहे, आणि ते एकसुरी नाहीत. कुणाला तिथे मार मिळाला, कुणाला बँड, खेळ आणि जन्माचे मित्र. शाळेच्या जागी आता सार्वजनिक बाग आहे. जुन्या संगीत इमारतीत छोटं माहिती केंद्रही आहे, पण त्याच्या वेळा बघूनच जा.

आता मुद्दा आजचा. फिनिक्सला कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैलांच्या कालव्यातून येतं. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं या नदीवर इतिहासात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर केली, आणि ॲरिझोनाचा वाटा कापला गेला. पण त्याआधी, २००४ च्या कायद्यानं हीला नदीच्या लोकांचा हक्क मान्य झाला होता : वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट. आपल्या भाषेत साधारण साडेअठ्ठावीस टीएमसी. पुण्याची खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली की साधारण २९ टीएमसी होतात, यावरून अंदाज घ्या. आज टंचाईच्या वाटाघाटीत राज्याला या लोकांशी बोलावंच लागतं. त्यांनी कालव्यावर सौर पॅनेलही बसवले. ही कल्पना आपल्या ओळखीची आहे, गुजरातेत नर्मदेच्या कालव्यावर २०१२ मध्येच तसा प्रयोग झाला. आणि २५ ऑक्टोबर २०२४ ला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी निवासी शाळांबद्दल देशाच्या वतीनं माफी मागितली, तीही याच लोकांच्या राखीव क्षेत्रातल्या शाळेत.

मला वाटतं, माफी आणि पाणी यांत पाणी जास्त बोलतं. माफीनं भाषा परत येत नाही. पाण्यानं निदान शेत परत येतं.

तर पुढच्या वेळी आई-बाबा आले की एक दिवस शहरासाठी ठेवा. सकाळी उन्हाच्या आत सअदव वाआकी, कारण पायवाट उघड्यावर आहे. दुपारी हर्ड, आत एसी आहे. आणखी वेळ असेल तर हीला नदीच्या लोकांनी स्वतः चालवलेलं हुहुगम हेरिटेज सेंटर. जाताना वाटेत कालवा लागेलच. तो पहिल्यांदा कुणी खणला, ते मुलांना सांगा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी पीत रहा!